जगनचा फोटो केबलवर

मु. पो. अष्टमी, जुलै १९९७

मितेशदादा,

माझा भाऊ जगन दहावीला नापास झाला आणि त्याने जीव दिला. तू सख्खा मावसभाऊ, खांदा दिलास. आणि दुसऱ्याच दिवसापासून तू गावात चालवतोस त्या केबलवर, पिक्चरच्या आधी, त्याचा फोटो आणि मागे रडकं गाणं! तो कसा गेला तेही रंगवून सांगितलंस. आईने टीव्हीवर चादर टाकली.

काल शेजारची भूमिका, तीही नापास, मला म्हणाली, "ताई गो, जगनसाठी सगळं अष्टमी गाव रडलं. मी गेले तर माझा पण फोटो दाखवतील ना?"

"तुला मरावंसं वाटतंय?" मी सरळच विचारलं.

"व्हय," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या आईला हाक मारली. रात्रभर आम्ही तिला एकटं सोडलं नाही, आज डॉक्टरांकडे नेलं. आता जरा बोलतेय, जेवलीसुद्धा.

तुला फोन केला तर म्हणालास, "लोक बघतात गो, म्हणून लावतो."

भूमिकापण बघतच होती, दादा!

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाय. उद्या तुझ्या केबलच्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचणार हाय.

जगनची बहीण,
किमया