चांगल्या अर्थाने चरबी

ती. नलूताई,

शामरावाचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याची फार काळजी वाटते असं लिहिणार होतो, पण परवा हिने तुला कॉटन ग्रीनच्या बाजारात दोन पिशव्या घेऊन तरातरा चालताना पाहिलं म्हणे, तेव्हा तो विषय सोडतो. दर्शनाच्या लग्नाची बोलणी कशी फिसकटली याबद्दल तुझ्या कानावर नाना गोष्टी आल्या असतील. मी तटस्थपणे सांगतो (हिच्या मते तो अधिकार मला नाही).

आपली दर्शना परळच्या प्रयोगशाळेत काय करते ते आधी समजून घे. काचेच्या बशीत पेशींचा थर वाढवते आणि त्यावर ओरखडा काढते. मग काठावरच्या पेशी एकमेकींना धरून, घोळक्याने पुढे सरकतात आणि जखम भरून काढतात. प्रत्येकीच्या पोटात चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात. चालायला बळ त्या चरबीतून मिळतं. औषध घालून दर्शनाने ती चरबी वापरूच दिली नाही, तर अख्खा घोळका रखडला. तिच्या बशीत तरी असं होतं; माणसांविषयी ती काहीही बोललेली नाही. ते मी बोललो.

दर्शनाने पसंत केलेल्या वैभवचे वडील गणपतराव तुला माहीत आहेतच, तुझ्याच सासरच्या गावचे. आमच्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासात सगळ्यांच्या पुढे तेच असतात, आणि अंगानेही भरभक्कम आहेत. मंडळी बोलणी करायला आमच्याकडे आली, चहा झाला, तेव्हा त्यांची बहीण जाईबाई हिने विचारलं, "पोरगी काय करता?" दर्शनाने तोंड उघडलं, पण उत्तर मी दिलं (बापाला कौतुक असतं). म्हटलं, "चरबी असल्याशिवाय घोळका पुढे जात नाही हो." गणपतरावांनी कप खाली ठेवला. "कोणाला चरबी चढली म्हणता?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "तसं नाही, चांगल्या अर्थाने चरबी. ती उतरली की सगळे कसे भराभर सरकतात!"

"माझी चरबी उतरवणार? तुम्ही?"

"चला रे," जाईबाई उठल्या, "हयसर पाणी पण घेव नकात." आणि सगळी मंडळी एकमेकांना धरून जिना उतरली. घोळका कसा सरकतो ते मी त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाशिवाय पाहिलं.

"बाबा, मेद म्हणायचं हो," एवढंच दर्शना म्हणाली आणि आत जाऊन रडली. चार वर्षं दोघं एकमेकांसाठी थांबली आहेत, ताई. मला फार वाईट वाटलं.

तुझा,
शामराव

ता. क. वैभवने वडिलांना कसंबसं वळवलंय. रविवारी ती मंडळी पुन्हा येणार आहेत, एका अटीवर: मुलीकडून बोलायला कोणीही बसो, मी नको. तेव्हा माझ्या जागी तू बस. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

आणखी एक ता. क. वर पेशींबद्दल जे लिहिलंय ते दर्शनाला दाखवलं. सगळं बरोबर आहे म्हणाली. पहिल्यांदाच. रविवारी मी चाळीखालच्या पिंपळाशी उभा राहीन. ठरलं की गॅलरीतून हाक मार. नाही ठरलं तर तू नको मारूस. दर्शनालाच सांग मारायला.