सव्वीस डिग्रीचा अहवाल

आळंद,
अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार

चिरंजीव महांतेशराव जावईबापू यांना आळंदहून गुंडेरावाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. विहीणबाईंना आमचा नमस्कार सांगा आणि त्यांचे गुडघे आता कसे आहेत तेही कळवा. (फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मी फोनवर बोलायला लागलो की तुमच्या सासूबाई, कमलबाई, मागून दुरुस्त्या करतात आणि सांगणं पुरं होत नाही. पत्रात त्यांना मध्ये बोलता येत नाही.)

तर मुद्दा असा. आमच्या तेजश्रीला सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि विहीणबाई म्हणाल्या की आळंदच्या त्रेचाळीस डिग्रीत पोर पाठवायला मन धजत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऊन आमचंच आहे, ते आम्ही नाकारत नाही. त्यावर तुम्ही भिंतीवरचा एसी पाठवलात, सोबत स्वतःच्या अक्षरात नियमांचा कागद पाठवलात, आणि महिनाभर खोली सव्वीसवर ठेवून दाखवलीत तर तेजश्रीला पाठवतो, असा शब्द दिलात. परवा महिना भरला. काय झालं ते सगळं लिहितो, कारण शेजारच्या सोजराबाईंकडून तुम्हाला ते कळणारच आहे.

पहिल्या दिवशी योगीराज फिटर यंत्र बसवून गेला. कागदात तुम्ही डिग्री लिहिली होती, रिमोटवरचं चित्र कोणतं दाबायचं ते लिहिलं नव्हतं, हे नम्रपणे नोंदवतो. रिमोटवर एक सूर्य होता आणि एक पांढरी रांगोळी. बाहेर ऊन म्हणजे सूर्याचं बटण उन्हाळ्याचं, रांगोळीचं सणासुदीला लागत असेल, असा विचार करून आम्ही सूर्य दाबला, सव्वीस आकडा लावला आणि नियम दोनप्रमाणे दारं-खिडक्या बंद करून पलंगावर बसलो. यंत्र गार वारा देईना की गरम देईना. पहिल्या दिवशी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं नुसतं गप्प. तापायला वेळ लागत असेल (आपली चूल नाही का घेत), म्हणून आम्ही घाम पुसत पाऊण तास बसून राहिलो.

आता आमच्याकडे दिवसा दार लावलेलं दिसलं की त्याचे दोनच अर्थ होतात. घरात माणूस गेलं, नाहीतर भाऊ वाटणीला बसले. मला भाऊ नाही हे गल्लीला माहीत आहे. सोजराबाई पाच-सहा बायका घेऊन आल्या, दार ढकललं, आणि आम्ही दोघं लालबुंद होऊन भिंतीकडे टक लावून बसलेलो पाहिल्यावर त्यांना रडायलाच आलं. "कमळे, दिवसाढवळ्या दार लावून कामून बसलाव गं? कोण गेलं?" सगळे आहेत हे पटवायला चहा करावा लागला. योगीराज परत आला तेव्हा कळलं की सूर्य खोली तापवायला असतो. खोली आधीच छत्तीसवर, यंत्राला सांगितलंय सव्वीसपर्यंत तापव, ते बिचारं काय करणार? आणि ती रांगोळी म्हणजे बर्फ. बर्फ असा पडलेला आळंदमध्ये कुणी बघितलाय?

त्यानंतर मी दारावर पाटी लावली : सगळे जिवंत आहेत, आत या, दार लावून घ्या. लोक आले आणि बसले. गल्लीतला चनमल्लप्पा तर रोज रात्री जेवण झालं की येऊन अठरा कर म्हणायचा. पाहुण्याला कमी गार देणं त्याच्या मते कंजूषपणा होता. शेवटी मी रिमोट करदोट्याला बांधला. सव्वीसवर ठेवून पंखा हळू लावला की अठराइतकंच बरं वाटतं हा तुमचा नियम तीन खरा आहे. मी चनमल्लप्पाला न सांगता सव्वीसवर ठेवलं आणि तो पांघरूण मागू लागला.

मग चैत्रात चार दिवस आभाळ आलं आणि उडदाचे पापड ओलेच राहिले. यंत्राचा जो डबा परसात बसवलाय त्यातून गरम वारा येतो हा शोध तुमच्या सासूबाईंचा. पापडांची बाज त्यांनी त्याच्यापुढे ओढली. मी अडवलं, तर म्हणाल्या, "आत गार करून भाएर ऊन फेकायलंय, ते वाया कामून घालवायचं?" आणि तुमच्या कागदाच्या डोक्यावर ठळक लिहिलंय, 'वीज वाया घालवू नका'. मीच बाज नीट लावून दिली. दुसऱ्या दिवशी डब्यासमोर सहा घरांच्या बाजा लागल्या. वारा जास्त गरम व्हावा म्हणून करदोट्यावरचा रिमोट मागून घेऊन सोळा लावण्यात आलं. आत सोळा डिग्रीत कुणी नव्हतं, फक्त तुमच्या दोघांचा लग्नातला फोटो होता. चौथ्या दिवशी धूळ येऊ नये म्हणून सोजराबाईंनी डब्यामागे जुनं लुगडं बांधलं. ते आत ओढलं जाऊन जाळीला चिकटलं आणि यंत्र बंद पडलं. योगीराज म्हणाला, "अप्पा, त्याचं नाक पाठीमागं असतंय. नाक दाबलाव तर बंद पडंल न्हाई तर काय?" नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण यंत्राला लागू नाही.

आता सगळं सुरळीत आहे. डब्याभोवती चुन्याची रेघ मारली आहे, तिच्या आत तुमच्या सासूबाई कोंबडीलाही येऊ देत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आहे. जाळी दर दुसऱ्या रविवारी धुतो. भिंतीवर थर्मामीटर लावलाय. सकाळी नऊला बघा, संध्याकाळी सहाला बघा, रात्री बघा, सव्वीस. त्या पलंगावर आम्ही कुणाला झोपू देत नाही. मी मात्र अधूनमधून नुसताच जाऊन बसतो. खोली तयार आहे आणि पोर नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिकडच्या मोठ्यांना आमचा नमस्कार पोचवा, आणि उत्तर लवकर लिहा, कारण रोज पोस्टमनला विचारायचं काम माझ्याकडे आहे.

आपला,
गुंडेराव

ता. क. सोबतच्या डब्यात पापड आहेत. विहीणबाईंना ते उन्हात वाळवलेले म्हणून सांगा.

ता. क. दोन. एक गोष्ट वर लिहिली नाही. दुपारी बारा ते तीन आमच्याकडे करंट नसतो. म्हणजे ज्या वेळेसाठी यंत्र पाठवलंत, त्या वेळेला ते भिंतीवर शोभेला असतं. आधी खोली गार करून दार घट्ट लावून ठेवलं तर एक वाजता सत्तावीस, दोनला तीस, तीनला बत्तीस. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, हे लिहू नका. पण विहीणबाईंची काळजी खरी आहे, आणि पोटुशी पोर आहे, म्हणून लिहिलं. तुम्ही पाठवणार नसाल तर आमचा राग नाही.

ता. क. तीन. हे सासूबाईंनी लिहायला सांगितलं, आणि सहीच्या वर लिहायचा मला धीर झाला नाही. तेजश्री येणार नसेल तर त्या तिकडे आल्या तर चालेल का? नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही असा आमच्या घरचा दंडक आहे, तो त्यांनी आजवर मोडलेला नाही, तुमच्याकडे पाणीसुद्धा प्यायलेल्या नाहीत. त्या म्हणतात, माझ्यापुरतं ज्वारीचं पीठ मी बांधून आणते, कोपऱ्यात भाकरी करून खाईन, एसी नको, पंखा नको, पोरीजवळ राहू द्या. पीठ कालच दळून आणलंय. मी बघितलं, ते एका माणसाच्या मानानं फार आहे. तर दोघं आलो तर चालेल का, एवढं कळवा.