इलूचं राहिलेलं पद

बोरगाव मेघे, वर्धा
९ डिसेंबर २०२४

चि. इलूस,

पद्माताईचे आशीर्वाद. तू ते घेशील की नाही माहीत नाही, पण मोठी आहे म्हणून देऊन ठेवते. इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय, बाजारात तुरीच्या शेंगा आल्यात. काल त्यांचे सोले घालून वांग्याची भाजी केली. तू शेंगा सोलता सोलता अर्ध्या खायचीस, ते आठवलं.

मोठी बातमी म्हणजे आपल्या नाटकाचे ऑर्गनवाले बंडोपंत दवाखान्यातून घरी आले. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून जीव टांगणीला होता. परवा मी भेटायला गेले तर पलंगावर बसून चादरीवर बोटं चालवत होते, ऑर्गन समोर असल्यासारखी. म्हटलं, आता हे कुठे जात नाहीत. इतकं हलकं वाटलं की त्यांच्याकडचा बिनसाखरेचा चहासुद्धा दोन कप प्याले.

त्यांच्या औषधपाण्यासाठी रविवारी २२ तारखेला दुपारी चार वाजता आपलं 'संगीत शीलपरीक्षा' करतोय, हे त्यांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. पूर्ण नाटक नाही. खुर्च्या मांडून बसायचं, पदं म्हणायची, मधली गोष्ट वाचून दाखवायची. नाटक फार जुनं झालंय गं. जे संवाद आपण डोळ्यांत पाणी आणून म्हणायचो, त्यांना आता तालमीत सगळे हसतात. माझी नायिकेची पदं जागृती म्हणते. जिल्हा परिषदेत नोकरीला आहे, आणि गळा असा की ऐकत राहावं. पहिल्याच दिवशी तिसरा अंक वाचून मला म्हणाली, "मॅडम, नवरा वेष बदलून हिची परीक्षा घेऊन राह्यला, अन् ही त्याच्यासाठी गाणं म्हणून राह्यली? हिनं त्याले घराबाहेर काऊन नाई काढलं?" तेहतीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी म्हटलं, बाई, चाली बघ, अर्थाकडे कानाडोळा कर.

माझा गळा आता उतरला. मी नुसतं निवेदन वाचणार आहे. वाईट वाटत नाही, खरंच सांगते. तिकिटं संपत आलीत. आंजीहून तर एक अख्खी जीप भरून येणार आहे.

तू बंडोपंतांना "बघते" म्हणालीस. ते मला म्हणाले, "पद्मा, ते 'बघते' मले नाई, तुले होतं." म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण बोलताना मी विषय बदलण्यात पटाईत आहे, हे तुला माहीत आहे.

तर तेहतीस वर्षांपूर्वीचा आपला तो प्रयोग. वन्समोर आला की पद पुन्हा म्हणायचं, ही आपली रीत. "लोकांनी मागितले, मी घेतले, रसिकांना नाही कसं म्हणायचं," असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. इलू, ते वन्समोर मीच बसवलेले होते. आपल्या धीरजला आणि त्याच्या कॉलेजातल्या चार टोणग्यांना मी मागच्या रांगेत बसवलं होतं, सांबारवडी खाऊ घालायच्या बोलीवर. पदाला एक, असं ठरलं होतं. पण पोरं चेकाळली आणि तीन-तीन मागू लागली. मी थांबले नाही. खोटे आहेत हे ठाऊक असूनही मला ते गोड लागले. सहाला हॉल सोडायचा होता, संध्याकाळी तिथे कुणाचं तरी सीमांतपूजन होतं. तिसऱ्या अंकात तुझं एकुलतं एक पद आलं. बंडोपंतांनी मुखडा वाजवला, तू तोंड उघडलंस, आणि विंगेतून आपल्या दिग्दर्शकांनी, अण्णाजींनी, 'कापा' म्हणून हात हलवला. बंडोपंत बिचारे ती चाल एकटेच वाजवत राहिले आणि पडदा पडला.

यातलं अर्धं तुला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर तू माझ्याशी बोलणं सोडलंस. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, आणि हे पत्र सुरू केल्यापासून मी तिलाच टाळतेय.

मामा लेकीचं पद ऐकायला कारंज्याहून एसटीनं आले होते. नवी टोपी घालून. पडदा पडल्यावर मला विंगेत गाठून म्हणाले, "पद्मे, पेटी वाजली, पण इलीचा आवाज नाई आला मले. झालं का तिचं गाणं?" मी तोंडावरचा रंग पुसत होते. मी म्हणाले, "झालं ना मामा. छान झालं." खरं सांगितलं असतं तर त्यांनी 'का कापलं' विचारलं असतं.

म्हणून ते घरी तुला "बेस म्हटलं पोरी" म्हणाले. तुला वाटलं, बाबा झोपले असतील आणि वर खोटं बोलतायत. तू रुसून गप्प बसलीस, त्यांनीही पुढे विचारलं नाही. ते खोटं त्यांचं नव्हतं, माझं होतं. त्यांना वाटलं, आपले कानच गेले. भजनी मंडळ त्यांनी त्याच वर्षी सोडलं, आठवतंय?

गेल्या गुरुवारी कारंज्याला गेले आणि मामांसमोर बसून सगळं सांगितलं. कानात मशीन असली तरी मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं. मामांनी कानातली मशीन चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी माहे कान साबूत होते?"

"हो मामा."

"मंग मी भजन उगीच सोडलं," असं म्हणून हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले. मी तर रडलेच. मी एकसष्ट वर्षांची बाई, मला डोक्यात टपली मारली आणि म्हणाले, "बावीस तारखेले गाडी पाठवजो. पह्यल्या रांगेत बसवजो मले." त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी गाढ झोपले.

इलू, मला माफ कर. नाही केलंस तरी तुझा राग रास्तच आहे, पण पद म्हणायला ये. गाणं सुटलं म्हणू नकोस, स्वयंपाकघरात अजून गातेस हे मामांनी सांगितलंय. डॉक्टरांनी बंडोपंतांना एकच पद वाजवायची परवानगी दिलीय. कोणतं वाजवायचं, हे त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. तुझं पद नांदीनंतर लगेच ठेवलंय, म्हणजे घड्याळाचा प्रश्नच नको. पट्टी तेवढी कळव. त्या उंच काळी चारचा हट्ट धरू नकोस, तूही आता चोपन्नची आहेस.

मामांच्या मशीनच्या नव्या बॅटऱ्या मी आजच आणून ठेवल्यात. मागच्या रांगेत या वेळी कुणालाही बसवलेलं नाही.

तुझी वाट पाहणारी,
पद्माताई