कच्ची टीप

४ फेब्रुवारी

सून नवी गाडी घेऊन आली आणि सीट कव्हर नको म्हणाली. मला! अख्ख्या गावाच्या गाड्यांना मी कव्हरं शिवायची, आणि घरची गाडी उघडी फिरणार.

म्हणे सीटच्या कडेला आत एअरबॅग असते. बाजूने धडक बसली की ती सीट फाडून बाहेर येते. वर कव्हर असलं तर अडकते.

मी म्हटलं, "माझी टीप आजवर कुणाच्या गाडीत उसवलेली नाही."

"तेच तर म्हणतेय, बाबा."

आमची ही स्वयंपाकघरात हसत होती. ऐकू आलं मला.

५ फेब्रुवारी

रुसलोय. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

८ फेब्रुवारी

जेवताना पुन्हा तोच विषय. सगळ्याच गाड्यांना एअरबॅगची सक्ती हवी, हे सुनेचं म्हणणं. माझं म्हणणं — ज्याची छाती त्याची मर्जी. सरकारने माझ्या छातीत लक्ष घालू नये.

"आणि शेजारी बसलेल्याच्या छातीचं काय?" ती म्हणाली. "आपली जुनी गाडी घेताना आईंना विचारलं होतं तुम्ही?"

हिने लगेच मान डोलावली. फितूर! पोरगा नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना हो म्हणत भाजी संपवत होता.

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, गाड्या महाग झाल्या की चारचाकीचा बेत करणारा माणूस बेत मोडतो आणि बायको-पोरांना पुन्हा दुचाकीवर कोंबतो. त्यांना कुठली एअरबॅग?

तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "हे खरंय, बाबा."

जिंकलो, पण मजा आली नाही. ही पोरगी दिवसभर दवाखान्यात मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. उगाच हुज्जत घालणाऱ्यातली नाही. आणि वादात हरली की मलाच आग्रहाने वाढते — मग माणसाने रागवायचं तरी कसं?

१३ फेब्रुवारी

तिनेच तोड काढली. कव्हर शिवा, पण एअरबॅगसमोरची शिवण कच्ची ठेवा. आतून धक्का आला की उसवली पाहिजे. काही कंपन्या असंच शिवतात म्हणे.

मुद्दाम कच्चं शिवायचं! उमेदवारीत एक टीप कच्ची राहिली म्हणून उस्तादांनी बोटांवर पट्टी मारली होती. 'बघतो' म्हटलं.

१७ फेब्रुवारी

दुकानात चाचणी. साधा सुती दोरा, लांब लांब टाके. आत सायकलची ट्यूब घातली आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला हवा भरायला लावली. शिवण ढिम्म. ट्यूब फुटली!

पंक्चरवाला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, शेठ. शिवलंय मात्र झकास."

नंतर उलटून पाहिलं. दोरा कच्चाच होता, पण दोन्ही टोकांना मशीन मागे-पुढे करून मी टीप बांधून टाकली होती. कधी केलं, आठवतही नाही. हातच ऐकत नाहीत.

२० फेब्रुवारी

उसवली! पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. पंक्चरवाल्याने हात मिळवला. इतक्या भिकार कामाचं एवढं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

कव्हर शोरूमच्या मेकॅनिकला दाखवून मगच घातलं तिने. आधी झोंबलं. मग वाटलं, बरोबर आहे तिचं.

राखाडी कापड, कडेला निळी पट्टी. सीटवरून हात फिरवत म्हणाली, "आता कुठे आपली गाडी वाटतेय, बाबा." संध्याकाळी काही कारण नसताना दोनदा गाडीपाशी जाऊन आलो.

९ मार्च

नवीन गिऱ्हाईक. "कडेला दुहेरी टीप मारा, पक्कं पाहिजे." त्याच्या सीटला एअरबॅगचं लेबल होतं. म्हटलं, "इथे कडेची टीप कच्चीच मिळेल."

"गाडी माझी आहे. सक्ती आहे का?"

"या दुकानात आहे."

तणतणत गेला. घरी सांगितलेलं नाही. सुनेला कळलं तर चिडवून चिडवून जेवणं अवघड करेल.

२ एप्रिल

दुपारी चौकात सिग्नल तोडून एक टेम्पो गाडीच्या सुनेकडच्या दारावर आदळला. दार पार आत गेलंय.

ती आत्ता घरी आली. एक हात गळ्यात बांधलेला, बाकी धडधाकट. सगळे तिच्याभोवती, आणि ती मला शोधत होती.

"बाबा, तुमची टीप उसवली."

सगळ्यांदेखत रडलो.