पुलावरून पहिली उडी

३ एप्रिल, रविवार

संताप! नुसता संताप!

दुपारी धाकटा भाऊ आला होता. जेवणं झाल्यावर पाय पसरून माझ्या नातीला — भिंगरीला — गोष्टी सांगत बसला. "तुम्हा पोरांना काय कळणार! आम्ही सकाळी घरातून सुटायचो ते दिवेलागणीलाच परत. कोण विचारतंय कुठे होता! पुलावरून थेट नदीत मुटका मारायचो!"

भिंगरी डोळे विस्फारून ऐकत होती. मग म्हणाली, "आणि आजी?"

"तुझी आजी होय? ती काठावर आमचे कपडे सांभाळायची!"

सगळे हसले. सूनसुद्धा. आणि मी? मीही हसले! जीभ काय टाळ्याला चिकटली होती का माझी?

पुलावरून पहिली उडी माझी होती. हा कठड्याला मिठी मारून रडत होता — "ताई, नको! ताई, नको!"

४ एप्रिल

सकाळपासून मशीनवर बसलेय, पण शिलाई सरळ जाईल तर शपथ.

काय दिवस होते ते! गुडघ्यावरची खपली पडायच्या आत नवी जखम. त्यावर माती दाबायची की झालं औषध. गोदामाच्या पत्र्यावरून धडाधडा पळायचं, खालून गोदामवाला शिव्या घालतोय! नदीत कुठे पाय टेकतो, कुठे भोवरा आहे, ते आमचं आम्हीच शोधलं. सगळंच गोड होतं असं नाही. सुताराच्या पोराचा हात मोडला तो कायमचा वाकडा राहिला. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच. भीती वाटायची, नाही कशाला म्हणू. पण ती आपली असायची. आपल्या वतीने दुसऱ्याच कोणी घाबरून बसलेलं नसायचं.

मग एक दिवस आई म्हणाली, "मोठी झालीस आता. नदी पुरे." मला पुरे. धाकट्याला नाही! तो जायचा आणि मी खिडकीतून बघायचे.

६ एप्रिल

पोहण्याच्या तलावावर नाव घालून आले. सुनेला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला.

"आई, मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरलात, विसरलात?"

"न्हाणीघरात पोहत नव्हते गं मी!"

डॉक्टर हो म्हणाले तरच, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "अवश्य!" सुनेचा चेहरा बघण्यासारखा होता.

९ एप्रिल

दुकानातला कॉश्च्युम काखेत काचतोय. उसवला, पट्टी घातली, पुन्हा शिवला. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले मी, हा काय लागून गेलाय!

११ एप्रिल

फजिती. नाकातोंडात पाणी. तिथले मास्तर — गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी त्यांना शिट्टीवाले म्हणते — लांबून ओरडले, "काकू, दांडा धरा, दांडा!" धरला. इलाज नव्हता.

१४ एप्रिल

आलं!! डोकं विसरलं होतं, हातापायांना सगळं ठाऊक होतं!

२२ एप्रिल

शिट्टीवाल्यांना उंच फळीबद्दल विचारलं.

"काकू, साठीच्या पुढच्यांना मनाई आहे."

"का?"

"काही झालं तर?"

काही झालं तर! या तीन शब्दांनी अख्खा जन्म खाल्ला की माझा. म्हटलं, "मास्तर, आधी परीक्षा घ्या. नापास झाले तर खुशाल नाही म्हणा."

ठीक, म्हणाले. पण तोंड वाकडं करूनच.

६ मे

रोज रगडून घेतायत. काठावरून उडी, मग बुटक्या फळीवरून. पाय जुळवा, हनुवटी आत, नाक धरू नका. आज शिट्टी न वाजवता नुसतेच बघत उभे राहिले. मग म्हणाले, "रविवारी दुपारी गर्दी नसते. मी स्वतः पाण्यात थांबतो. तलावाच्या साहेबांची परवानगी काढलीय."

लगेच धाकट्याला फोन. "रविवारी ये रे तलावावर. गंमत दाखवते."

८ मे, रविवार

केस अजून ओले आहेत, तरी आधी हे लिहायला बसलेय!

सून काठावर भिंगरीचा हात आवळून उभी. धाकटा बाकावर. मी शिडी चढले. खालून फळी एवढीशी दिसते. वरून! पाणी पार पाताळात. खरं सांगायचं तर एक पाय मागे घेतला मी. खाली उतरावं आणि गुडघ्याचं निमित्त सांगावं, एवढंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात खालून धाकटा ओरडला, "ताई, नको!"

तेच शब्द. तोच आवाज! म्हातारा झाला तरी तसाच. भिंगरीने चमकून त्याच्याकडे बघितलं आणि मला हसूच आलं. हसता हसता सुटले.

वारा. मग धाडकन पाणी. मग काहीच नाही, नुसतं हिरवं आणि शांत. आणि मग वर, वर, वर — उजेडात! शिट्टीवाले शिट्टीवर शिट्टी फुंकतायत. सून रडतेय की हसतेय कळेना. मी ओरडले, "पुन्हा एकदा!" आणि गेले की पुन्हा!

भिंगरी धाकट्याला म्हणाली, "आजोबा, पुलावरूनही आजीनेच आधी मारली होती ना उडी? खरं सांगा!" तो बाकाखाली चपला शोधायला लागला. "मग आता तुम्ही मारा!" तर घड्याळ बघून, काम आहे म्हणत निघाला. जाऊ दे. आजचा दिवस माझा!

१० मे

सकाळी दारात धाकटा. हातात नवा कॉश्च्युम, दुकानाच्या पिशवीसकट.

"ताई, तू यायची बंद झालीस ना, मग मला तिथल्या मोठ्या पोरांची भीती वाटायची गं. त्यानंतर मी नदीवर गेलोच नाही कधी. नळाखाली डोकं भिजवून घरी यायचो. मला पोहता येत नाही. शिकवशील?"

म्हटलं, चल.