चूक सगळ्यांसमोर, कौतुक खासगीत

ता. ४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीपेक्षा खाली वाकून केला आहे, कारण वर करायला तोंड राहिलेलं नाही.

मी कागदावर लिहितोय म्हणून दचकू नकोस. कॉम्प्युटर कपाटावर गाद्यांच्या मागे टाकून दिलाय. तुझ्या त्या सूर्यघड्याळवाल्या ग्रुपचं नाव काढायचं नाही. जगभरचे लोक दगडापितळेवर सावलीची घड्याळं करतात आणि ईमेलवर त्यांच्या गप्पा मारतात, हे तू सांगितलंस तेव्हा वाटलं, कॉलेज सुटलं तरी धरायला काहीतरी मिळालं. आता तेही सुटलं.

‘दक्षिण चौतीस’ तुला माहीत आहेच. तिथे सगळे सहीखाली आपला अक्षांश लिहितात, हा तिचा. दगड घडवते, वयाने माझ्याएवढीच. तुझ्यापासून काय लपवायचं, इतके दिवस मी ग्रुपवर जे लिहिलं ते तिच्यासाठी. दुसऱ्या कुणाला उत्तर देतानासुद्धा ती वाचेल म्हणून चारदा खोडायचो. पण तिने मला एकट्याला एक ओळ लिहिली असेल तर शपथ.

मागच्या आठवड्यात माझ्या घड्याळाचा फोटो टाकला. मी कामाला जातो त्या दुकानात नावाच्या पाट्या कोरून उरलेला पितळी पत्रा मालकांनी दिला होता, त्यावर मी एकेक आकडा हाताने कोरला. कुणी साधं ‘छान’ म्हटलं नाही. उत्तर आलं ते तिचंच, भर ग्रुपमध्ये, तीन ओळींचं. घड्याळ मागे पडतंय ते होकायंत्राची उत्तर धरून बसवलं म्हणून का, ती खऱ्या उत्तरेपासून जराशी सरकलेली असते, तो फरक धरलास का, असं.

नव्हता धरला. म्हणूनच डोकं फिरलं. सगळं ठळक मोठ्या अक्षरांत लिहून त्याच मिनिटाला पाठवलं: ‘जिच्या देशात सावलीच उलटी फिरते तिने मला दिशा शिकवू नयेत.’

अर्धी गंमत होती गं. तिच्याकडे सावली खरंच उलटी फिरते. पण त्यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली, ती मला इथे खोलीत ऐकू येते. ती कायमची गेली, आत्या. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

तुझा,
पेटलेला आणि विझलेला भाचा

ता. ११ मार्च

चि. काडेपेटी यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यावर एक टपली. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे?

गंमत अर्धी होती म्हणतोस. ईमेलमध्ये आवाज जात नाही, डोळे मिचकावलेले जात नाहीत, आणि वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांची भाषा वेगळी. तिथे अर्धी गंमत म्हणजे पूर्ण अपमान. आणि मोठी अक्षरं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून ओरडणं. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं, पण तू ‘कळतं गं मला’ म्हणून पुढे पळालास.

आता नीट ऐक. आपल्या घरात चारचौघांत कौतुक आणि खोलीत नेऊन कानउघाडणी, ही पद्धत. त्या ग्रुपची नेमकी उलटी. चूक सगळ्यांसमोर विचारायची, कारण ती शंभर जणांच्या उपयोगी पडते. ‘छान’, ‘सुंदर’, ‘धन्यवाद’ हे मात्र त्या माणसाला एकट्याला लिहायचं, उगाच सगळ्यांच्या पेट्या भरायच्या नाहीत. मीही तुझ्या आकड्यांचं कौतुक तुला एकट्यालाच लिहिलं होतं. तू त्याचं नावही काढलं नाहीस, तेव्हा वाटलं, पोरगा मोठा झाला.

पण परवा ग्रुपच्या चिटणीसबुवांनी मला कळवलं, ‘तुझ्या भाच्याला दोनदा प्रेमाने समज दिली, त्याने उत्तर दिलं नाही.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ग्रुपवरचं सगळं तू त्यांच्या वेबसाइटवर वाचतोस. खासगी पत्र मात्र नाव नोंदवताना दिलेल्या ईमेलच्या पत्त्यावर जातं. नोंदणी करताना मी तुझ्या शेजारीच बसले होते. तू कॉलेजचा पत्ता दिला होतास.

ती पेटी तू कॉलेज सोडल्यापासून उघडलेली नाहीस ना? कॉलेजची पत्रं बघायला लागतील म्हणून? उघड. तिने लिहिलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. नसेलही. पण न उघडता गेली म्हणू नकोस.

आणि माफी. अपमान सगळ्यांसमोर केलास, तर माफीही सगळ्यांसमोर. चार ओळी. ‘कुणाचं मन दुखावलं असल्यास’ असलं काही लिहू नकोस, दुखावलंच आहे. ज्या ओळीला उत्तर देतोस ती तिची ओळ तेवढी वर ठेव, खाली आपोआप चिकटून येणारी जुन्या पत्रांची शेपटी काप. प्रेम त्यात घालू नकोस, त्याला खासगी पेटी आहे. लिहिलेलं एक दिवस तसंच ठेव आणि मग पाठव.

दादाला मी काही बोलले नाही. जेवतोस ना वेळेवर?

तुझी,
आत्या

ता. १९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. टपली पोचली, लागली.

दोन दिवस नुसता कॉम्प्युटरसमोर बसून उठलो. मग उघडली. वर सगळं कॉलेजचं, हजेरी, ग्रंथालय, परत हजेरी. त्यांच्या मधे मधे तू, चिटणीसबुवा, आणि ती. किती वेळा ती.

माझे आकडे तिने मोठे करून छापले आणि आपल्या कामाच्या बाकासमोर लावलेत. तिला पितळ कोरता येत नाही, मला दगड. मी ग्रुपवर पितळेबद्दल लिहायचो ते वाचून, एकदा मिळून एक घड्याळ करू या का, असं तिने जानेवारीतच विचारलं होतं. जानेवारीत, आत्या, आणि मी इकडे ती मला ओळखत नाही म्हणून रडत होतो.

त्या तीन ओळींच्या आदल्या दिवशीचं पत्र तुला जसंच्या तसं सांगतो. ‘उद्या तुला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारणार आहे, रागावू नकोस. ही चूक इथे बरेच जण करतात आणि विचारायला लाजतात. तुझं काम चांगलं आहे, म्हणून तुलाच विचारते.’

आणि माझ्या त्या ओळीनंतरचं, शेवटचं: ‘मी आधी हसले. मग वाटलं, गंमत असती तर तू मला खासगीत लिहिलं असतंस. नाही लिहिलंस.’

माफी लिहिली, एक दिवस ठेवली, आठ ओळींच्या चार केल्या. ‘कदाचित’ होतं तेही काढलं. काल ग्रुपवर पाठवली. तिला वेगळं पत्र लिहिलं, पेटी का उघडली नव्हती ते सगळं खरं सांगून. एका सरांनी ‘तब्येत बरी आहे ना’ एवढंच विचारलं होतं, त्यांनाही उत्तर दिलं. परत जाईन असं म्हणत नाही, पण बाबांशी मीच बोलेन.

आज दुकानात एक पाटी वाया घालवली. आता येऊन बघतो तर ग्रुपवर तिचं उत्तर, दोन ओळींचं, सगळ्यांसमोर. माझ्या माफीत मी ‘या उन्हाळ्यात घड्याळ नीट बसवीन’ असं लिहिलंय. अर्ध्या जगात तेव्हा हिवाळा असतो, तेव्हा कृपया महिना लिहावा, असं म्हणते.

चूक दाखवली गं तिने, भर ग्रुपमध्ये. आता ती दुसरी, खासगी पेटी उघडायची आहे, म्हणून पत्र इथेच आवरतो. लोभ आहे तसा राहू दे, आणि टपल्याही.

तुझा,
भाचा