आईचं कपाट आणि वरच्या खोलीतला शेंगदाणा

तीर्थरूप डेल्फीनताईस,

धाकट्या लुसिलचा वाकून नमस्कार (जेवढं आता वाकता येतं तेवढा). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची साखर? ॲरिझोनात म्हणे ऑगस्टात अंगणातल्या फरशीवर अंडं फोडलं तर तिथल्या तिथे शिजतं. इथे अजून तशी सोय नाही, अंडी मलाच तळावी लागतात, आणि किती तळावी लागतात ते पुढे येईलच. मी ठणठणीत आहे. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायला अजून मीच उभी असते. सगळे तुझी आठवण काढतात. म्हणजे एकदा कोणीतरी काढली होती.

पत्रास कारण की, कपाट.

गेल्या अकरा वर्षांत तुझ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, नाताळच्या कार्डावरसुद्धा, एक ओळ असते : वरची खोली रिकामी झाली की आईचं कपाट आमच्या ड्वेनला, विसरू नकोस. नाही गं बाई विसरले. तिकडे राहायला जाताना तू त्या कपाटाची किल्ली गुपचूप पर्समध्ये घालून नेलीस, तेही विसरले नाही. आता पेपरात माझ्या भाडेकरूची बातमी वाचल्याबरोबर तू फोन केलास की खोली रिकामी होणार, शनिवारी ड्वेन ट्रक घेऊन येतोय, आणि मागोमाग घर विकायचे कागदही पाठवलेस. मी सही करायची आणि तुझ्या शेजारी येऊन राहायचं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच. चष्मा लावून.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत कागदाच्या गिरणीने तुझ्या मेहुण्याला, एल्मरला, घरी बसवलं होतं. त्याने वरच्या खोलीची पाटी खिडकीत लावली आणि तिसऱ्याच दिवशी दारात अंधार झाला. मला वाटलं आभाळ भरून आलं. बघते तर माणूस! नाव कॉर्नेलियस टिलरी, गाव जॉर्जियातलं, वय बावीस, वजन तीनशे तीस पौंड (मी आणि एल्मर मिळून तेवढे भरत नव्हतो). आपल्या गावच्या फुटबॉल संघाच्या शिबिराला आला होता. त्या वर्षीच्या निवडीत सगळ्या संघांनी मिळून तीनशेच्या वर पोरांची नावं पुकारली, त्यात याचं नव्हतं. हा आपला ‘ये, बघू’ म्हटल्यावर आलेला. शिबिरात नव्वद जण घेतात आणि ऑगस्टअखेर जवळजवळ निम्म्यांना घरी पाठवतात. वसतिगृहाचा पलंग आखूड पडला म्हणून हा खोली शोधत होता, आठवड्याच्या बोलीवर. आडवा होऊन आत आला, एल्मरच्या खुर्चीत बसला, आणि एल्मरची खुर्ची गेली. तेव्हा इतका ओशाळला की पुढचा तासभर उभाच राहिला. त्याची आई त्याला शेंगदाणा म्हणते. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तेच म्हणू लागलो.

त्याच्याजवळ एक तपकिरी बॅग होती. कडी तुटलेली, वरून पट्टा आवळलेला. मी म्हटलं, बाळा, हे आईचं कपाट रिकामं आहे, लाव तुझे कपडे. तर म्हणाला, “नको मावशी. आठवड्याचाच तर प्रश्न आहे.” त्याचं कारण मला एल्मरने मागाहून सांगितलं. वसतिगृहात याच्या शेजारच्या पोराने पहिल्याच दिवशी कपडे खणात लावले, बायकोचा फोटो भिंतीवर टांगला, आणि दुसऱ्या सकाळी दारावर टकटक झाली : “कोच बोलावताहेत. डावांची वही घेऊन ये.” वही परत मागितली की खेळ खलास, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फोटो भिंतीवर तसाच राहिला. शेंगदाण्याने धसका घेतला तो घेतलाच. बॅग दाराशी, तोंड जिन्याकडे.

(त्या पहिल्या वर्षीचा माझा पराक्रम तुला कधी सांगितला नाही. कपातीच्या दिवशी मी पहाटेच फोनचा रिसीव्हर काढून उशीखाली ठेवला. म्हटलं, निरोपच मिळाला नाही तर काढतील कसे? दुपारी दोनला संघाचा माणूस लाल तोंडाने दारात. म्हणतो, “टिलरी आहे का इथे? त्याला ठेवून घेतलाय, नऊपासून सराव चालू आहे, आणि याचा पत्ता नाही!” शेंगदाणा चर्चला घालायच्या बुटांतच धावत सुटला. त्याला मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. मला फादरनी पापनिवेदनात तीन प्रार्थना दिल्या, आणि हसले.)

आता तो खेळायचा काय, ते सांगते. अठरा वर्षं गोल्फ बघून तू आपला खेळ विसरली असशील. शेंगदाणा बचावाच्या रांगेत अगदी मधोमध. चेंडू सुटला की समोरचे दोन-दोन आडदांड त्याला ढकलतात, आणि याने हलायचं नाही. बस. पळायचं नाही, चेंडू धरायचा नाही. एल्मरने मला सांगितलं होतं, “लुसिल, चोर येणार असला की दारात कपाट आडवं लावतात ना, तसं. चोर मग बाजूने वळतो आणि दुसरे त्याला पकडतात. टाळ्या पकडणाऱ्याला. कपाटाला कोणी टाळ्या वाजवत नाही.” मी चाळीस वर्षं त्या मैदानात बसून सॉसेज खाल्लं होतं, पण त्या दिवसापासून चेंडू बघायचं सोडलं आणि मधला माणूस बघायला लागले. ताई, खोटं नाही सांगत. ज्या माणसाने माझ्या घरातली एक बशी कधी फोडली नाही, जो दारातून शिरताना “सॉरी मावशी” म्हणून चौकटीची माफी मागतो, तो तिथे उभा राहिला की दोन माणसांचे पाय चिखलात सरकतात आणि याचे नाहीत.

दर रविवारी खेळ, दर सोमवारी मी त्याच्या शर्टाची बटणं लावायची. बोटं वळत नसत त्याची. करंगळी तर कायमची बाहेर आलीय, चहाचा कप धरला की एखाद्या राणीसारखा दिसतो. मग आठ अंडी, अर्धा पाव, आणि मी इस्त्री केलेले कपडे पुन्हा त्या बॅगेत. अकरा वर्षं, ताई! कपाट शेजारी रिकामं, आणि माझी इस्त्री बॅगेत चुरगळतेय. चौथ्या वर्षी माझं डोकं फिरलं. तो सरावाला गेल्यावर मी पट्टा सोडला, सगळे शर्ट कपाटात टांगले, मोजे खणात घातले. संध्याकाळी त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, दोघे एकदम पायावर पडल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरांना काय कळतंय! मी घरी येऊन रडत रडत सगळे कपडे स्वतःच्या हाताने परत बॅगेत भरले, पट्टा आवळला, आणि पुन्हा त्या बॅगेला हात लावला नाही. नऊ महिने तो कुबड्या घेऊन जिना चढत होता, आणि पायऱ्या माझ्या नावाने करकरत होत्या.

सहाव्या वर्षी एल्मर गेला. तू आली होतीस. शवपेटीला सहा खांदेकरी होते ते तुला आठवत असेल. बाकीचे पाच जण नुसते हात लावून चालत होते. त्या रात्री तू स्वयंपाकघरात मला म्हणालीस, एकटी कशी राहशील, घर विक. वरून तो खोकला, आणि मी म्हटलं, एकटी कुठे आहे? तू म्हणालीस, “अगं, त्याची बॅग तर भरलेली आहे!” ते मला लागलं होतं ताई, कारण खरं होतं. दर ऑगस्टात फोन वाजला की तव्यावरची अंडी माझ्या हातून करपायची. त्याची नोकरी जाईल या भीतीने नाही. तो जाईल या भीतीने.

अकरा वर्षांत चेंडू त्याच्या हातात एकदाच आला. सातव्या वर्षी, कोणाच्या तरी डोक्यावर आपटून उडाला आणि थेट याच्या पोटावर. पुढे सगळं मैदान मोकळं! पन्नास हजार माणसं “पळ, पळ” ओरडतायत, आणि हा चेंडू पोटाशी धरून खाली बसला. कोंबडी बसते तसा. अख्खं गाव आठवडाभर हसत होतं, खाटकाने तर दुकानात त्याचं चित्र लावलं. मी विचारलं, का रे पळाला नाहीस? म्हणाला, “मावशी, समोर कोणी नव्हतं. समोर कोणी नसलं की काय करायचं ते मला येतच नाही.” त्यावर मीही हसले, पण भांडी घासताना डोळे पुसले.

आणि नवव्या वर्षीचा तो जानेवारी. थंडी अशी की हातातली बिअर गोठली. शेवटची दोन मिनिटं, आपण चार गुणांनी पुढे, आणि समोरच्या संघाला आपली रेघ ओलांडून आत शिरायला एक यार्ड हवं, संधी चार. एक यार्ड म्हणजे तीन फूट, आपल्या ओट्याएवढीही लांबी नाही. चार वेळा आले. चारही वेळा मधून आले, कारण त्यांना वाटलं याचा गुडघा गेलेलाच आहे, इथूनच फुटेल. पहिल्यांदा दोघांनी ढकलला, नाही हलला. दुसऱ्यांदा तिघांनी. तिसऱ्यांदा ढिगाखाली दिसेनासा झाला आणि मी एल्मरच्या रिकाम्या जागेचा बाक घट्ट धरून बसले. चौथ्यांदा मी, सत्तरीला टेकलेली बाई, बाकावर चढून असा शब्द ओरडले की आईने साबणाने तोंड धुतलं असतं. ढीग उठला. सगळ्यात खाली शेंगदाणा, पाय तिथेच रोवलेले, रेघेच्या अलीकडे. लोकांनी चेंडूवाल्याला पकडणाऱ्या पोराला खांद्यावर घेतलं. हा एकटा मागून लंगडत आला, वर बघितलं, आणि माझ्याकडे ती राणीसारखी करंगळी हलवली. असं मी जन्मात काही पाहिलं नाही आणि पाहणार नाही. घरी आल्यावर चमचा धरता येईना, मी सूप भरवलं. म्हणाला, “मीठ कमी आहे मावशी.” मेला!

आता मागच्या मंगळवारचं. सकाळी सहाला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडचा माणूस गोड बोलला, बिचाऱ्याचीही चूक नाही. टिलरीला सांगा, कोच बोलावताहेत. वही घेऊन. मी वळले तर तो जिन्यावर उभा. माझं तोंड बघूनच कळलं त्याला. खाली बसला, आठही अंडी खाल्ली, वही काखेत मारली आणि गेला. दुपारी परत आला, हात रिकामे. “अकरा वर्षं मावशी,” म्हणाला, “मला वाटलं होतं आठवडा.” आणि वर गेला.

मी जिन्याच्या पायथ्याशी बसले. वर पट्ट्याचं बक्कल वाजलं. म्हटलं झालं, निघाला. जॉर्जियाची गाडी कितीची असेल, वाटेत खायला किती अंडी उकडावी लागतील, असले विचार करत होते. आणि मग, ताई, आईच्या कपाटाचं दार करकरलं. तो आवाज तू विसरली नसशील, आपण नाताळच्या भेटी शोधायला उघडायचो तेव्हा आई खालून ओरडायची तोच. पुन्हा करकरलं. पुन्हा. मी चार पायांवर जिना चढले. बॅग पलंगावर सताड उघडी, आतलं निळ्या फुलांचं अस्तर मला सात वर्षांनी पुन्हा दिसलं. आणि तो एवढा मोठा देह, वाकड्या बोटांनी, एकेक शर्ट हँगरला अडकवत होता. तीन वेळा शर्ट खाली पडला. मी मदत केली नाही. तेवढी अक्कल एव्हाना आलीय.

मला म्हणाला, “आता मला कोणी काढू शकत नाही ना मावशी?” मी म्हटलं, “मेल्या, तुला हलवायला तिघे कमी पडले. मी एकटी म्हातारी बाई.” आणि मग आम्ही दोघं रडलो. तो जरा जास्त.

चर्चच्या शाळेने त्याला पोरांना शिकवायला बोलावलंय. हलायचं नाही, हे शिकवायचं. तुझ्या तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझी लाडकी (दुसरी कोणी नाही म्हणून),
लुसिल

ता. क. ड्वेनला शनिवारी ट्रक घेऊन पाठवू नकोस. कपाटात कपडे आहेत.

ता. क. घर विकायचे कागद मिळाले. कपाट भरल्यावर एका पायावर डुगडुगायला लागलं होतं. तुझ्या कागदांची चौपदरी घडी बरोबर त्या पायाच्या मापाची निघाली. आभारी आहे.

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं : किल्ली पाठव. एवढे मोठे शर्ट आत गेल्यापासून दार मिटत नाही. सध्या बॅगेत एल्मरचे बोलिंगचे गोळे भरून ती दाराला टेकवून ठेवलीय. शेंगदाणा म्हणतो, मावशी, आता ही बॅग काही जिना उतरत नाही.